ॲडमिट होण्याआधी एक फोन

आमच्या गटातल्या एका ताईने सासूबाईंना घाईत जवळच्या दवाखान्यात नेलं. रेशनकार्ड सोबत होतं, म्हणून ती निर्धास्त होती. बिल हातात आल्यावर कळलं, हा दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाहीच. शेवटी गटाचं कर्ज काढून बिल भरलं.

या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. पण यादीतल्याच रुग्णालयात आणि ठरलेल्याच आजारांवर. म्हणून आधी १५५३८८ वर फोन करून विचारा. तिथे पोहोचल्यावर आरोग्यमित्राला भेटा. मंजूर उपचाराचे पैसे मागितले, तर पावती मागा आणि त्याच नंबरवर तक्रार करा. जीव धोक्यात असेल तर मात्र आधी जवळचा दवाखाना गाठा, फोन वाटेत करा.

हा नंबर आजच गटाच्या वहीत लिहून ठेवा.