संगतीनं लागली, संगतीनंच सुटेल

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गोठ्यात असाल. हात चालू राहू देत, कान तेवढा इकडं द्या.

आज बोलायचं आहे मिश्रीबद्दल. कुणी तिला मशेरी म्हणतं, कुणी मिसरी. तिच्याबरोबरच घरातल्या विडीबद्दल आणि तंबाखूबद्दलही. त्यातसुद्धा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका आणि त्यांचे कारभारी यांच्याबद्दल, कारण त्यांना या विषयावर कुणी काही विचारतच नाही. तरण्या पोरांना सगळे सांगतात, "व्यसन करू नका." म्हाताऱ्या माणसाचा विषय निघाला की म्हणतात, "राहू दे आता, जन्माची सवय आहे."

आम्ही बचत गटांच्या समन्वयक म्हणून करवीर, कागल, राधानगरी भागात बैठकांना जातो. सतरंजी अंथरली, हजेरी झाली, हप्ते गोळा व्हायला लागले की कुणाच्या तरी कमरेची डबी निघते. या हातातून त्या हातात जाते. कुणी मागत नाही, कुणी नको म्हणत नाही. भांगलणीला गेल्यावर बांधावरही तेच. नव्या सुनेला पहिली चिमूट बहुतेक वेळा सासूच्या नाहीतर जावेच्या डबीतूनच मिळते. दाढ दुखते म्हणून, नाहीतर पोट साफ होत नाही म्हणून. म्हणजे मिश्री आपल्याला एकेकटीला लागली नाही, संगतीनं लागली. आणि आमचं आजचं सांगणं एवढंच आहे, की ती संगतीनंच सुटते, आणि साठीतही सुटते.

आधी मिश्री म्हणजे काय ते बघू. मिश्री म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटायची. भाजल्यामुळं ती निर्धोक होत नाही. त्यातलं निकोटिन हिरडीच्या पातळ कातडीतून रक्तात जातं. म्हणून सकाळी लावली की तरतरी येते, आणि नाही लावली की डोकं जड होतं, चिडचिड होते. सुरुवात दात घासण्यानं होते. मग चहानंतर एकदा, दुपारी एकदा, झोपताना एकदा. दात तर सकाळीच घासून झालेले असतात! दिवसभराचं हे घासणं दातांसाठी नसतं, तलफेसाठी असतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली आहे.

आणि ही चार-दोन घरांतली गोष्ट नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं, की महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या शंभर बायकांमागं १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यातल्या बहुतेक जणी ओढत नाहीत, लावतात किंवा खातात. धूर दिसत नाही, म्हणून व्यसनही दिसत नाही.

आपल्या भागात तर तंबाखू दारातच आहे. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर. तिथल्या तंबाखूच्या वखारींत आपल्यासारख्याच बायकांनी राबून पोरं मोठी केली. त्याच बायका पुढं संघटित होऊन आपल्या हक्कासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट १९८२ साली निघाला. एकेकटीला जे जमत नव्हतं ते एकत्र आल्यावर जमलं. तंबाखूच्या धंद्यात बायकांची एकजूट कामाला आली, तशी ती तंबाखूच्या व्यसनातही येऊ शकते.

आता सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य घेऊ. "आता या वयात सोडून काय मिळणार?" आमच्या एका गटातल्या साठीच्या मावशी म्हणाल्या होत्या, "मी बारा वर्साची हुतो तवापास्नं लावतोय. आता सोडून काय अमरपट्टा मिळणार हाय व्हय?"

अमरपट्टा कुणालाच मिळत नाही. पण मिळतं ते थोडं नाही. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सिगारेटच्या सवयीची नोंद ठेवली, आणि पन्नास वर्षं ठेवली. त्याचा निष्कर्ष २००४ साली आला. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी झालं होतं. पण ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना त्यातली साधारण तीन वर्षं परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ. साठीतली तीन वर्षं म्हणजे नातीची शाळा बघणं, नातवाचं लग्न बघणं.

हा अभ्यास धुराचा आहे, म्हणजे तो घरातल्या विडीवाल्यांना जास्त लागू. मिश्रीचा मोठा धोका तोंडाच्या कर्करोगाचा. पण तिथंही सोडण्याचा फायदा दिसतो. गालाच्या आत, हिरडीवर जे पांढरे चट्टे उठतात, ते तंबाखू सुटल्यावर कित्येकांचे कमी होतात. आपलं शरीर म्हाताऱ्या वयातही डागडुजी करत असतं. आपण रोजची चिमूट थांबवली तरच त्याला वाव मिळतो.

दुसरं कारण नातवंडाचं आहे. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बायका मुख्यतः मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या मावशींच्या घरी हेच झालं. सुनेला दिवस गेले होते आणि ती चोरून सासूच्याच डबीतली मिश्री लावत होती. आशाताईंनी घरी येऊन दोघींना समजावलं. दुसऱ्या बैठकीत मावशी म्हणाल्या, "सुनंला नको म्हणायचं तर आधी माझी डबी ठेवाय पायजे." अमरपट्ट्याचं बोलणं तिथंच संपलं.

पण त्या एकट्या असत्या तर टिकल्या नसत्या. कारण मिश्री सोडणाऱ्या बाईला फक्त तलफ मारायची नसते, समोर आलेली डबीही परत करायची असते. जिच्याबरोबर तीस वर्षं भांगललं तिला नको म्हणायचं असतं. ते जड जातं. म्हणून त्या गटानं ठरवलं, की बैठकीत डबी काढायचीच नाही. ज्या लावत नव्हत्या त्यांनीही भांगलणीच्या वेळी ओट्यात बडीशेप आणि लवंग ठेवली. डबीऐवजी तीच फिरू लागली. सहा जणी लावत होत्या. त्यातल्या चौघींची सुटली, एकीची कमी झाली, एकीचं अजून चालू आहे. जिचं चालू आहे ती आजही गटात आहे आणि तिच्याशी कुणी तिरकं बोलत नाही.

हे कसं करायचं, तर नवीन काही शिकायला नको. आपली पंचसूत्री आहेच. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंद.

बैठकीत एक दिवस ठरवा. अमावास्या-पौर्णिमा कशाला, पुढच्या बैठकीचा दिवस चांगला. ज्यांना सोडायची आहे त्यांनी सगळ्यांसमोर बोलायचं आणि आदल्या रात्री डबी रिकामी करायची. घरात "असू दे" म्हणून ठेवलेली पुडी पहिल्या तलफेलाच बाहेर येते.

बचत म्हणजे मिश्री-तंबाखूचे पैसे वेगळ्या डब्यात टाका. रोजचे पाच रुपये धरले तरी वर्षाला १,८२५ रुपये होतात. डबा सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर उघडा.

नोंद म्हणजे हजेरीच्या वहीत शेवटच्या पानावर नाव आणि दिवस. सात दिवस झाले, एकवीस दिवस झाले. लिहिता येत नाही तिनं रेघ मारावी.

कर्जाच्या जागी सोबत. प्रत्येकीला एक जोडीदारीण द्या. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत अवघड असतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, घरात भांड्याला भांडं लागतं. जोडीदारणीनं सकाळ-संध्याकाळ दारात जाऊन यायचं. तलफ उठली की ती कायम राहत नाही, चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. घोटभर पाणी प्या, लांब श्वास घ्या, लवंग चावा, उठून झाडू हातात घ्या. सुपारी मात्र नको. सुपारीही कर्करोगाला कारण होते. काही दिवस पोट साफ होत नाही. "मिश्रीशिवाय परसाकडं होत नाही" असं म्हणतो त्याचं कारण निकोटिनची सवय हेच आहे. कोमट पाणी, पालेभाजी, सकाळचं चालणं यानं आठवड्या-दोन आठवड्यांत ते सुरळीत होतं. आणि मिश्री सुटल्यावर दाढ दुखायला लागली तर पुन्हा डबीकडं जाऊ नका, दातांच्या डॉक्टरांकडं जा.

परतफेडीचं तर आपल्याला चांगलं माहीत आहे. एखादीचा हप्ता चुकला म्हणून आपण तिला गटातून काढत नाही. का चुकला ते विचारतो, पुढच्या वेळी भरून घेतो. मिश्रीचंही तसंच. लग्नात, जत्रेत, दुःखाच्या प्रसंगी एखादीनं एक चिमूट लावली तर तिचे आधीचे चाळीस दिवस वाया गेले असं नाही. वहीत दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रेघ सुरू करायची. पुष्कळ लोकांची पहिल्याच खेपेला सुटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटते.

आता घरातली विडी. चाळीस वर्षं ओढणारा माणूस बायकोच्या कटकटीनं सोडत नाही, हे आम्हाला सांगायची गरज नाही. पण बायको स्वतः सोडते तेव्हा बोलायची जागा बदलते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाशी जोडलेल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ अशी नोंद अभ्यासकांनी तपासली. त्यात दिसलं, की नवरा-बायकोपैकी एकानं सिगारेट सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते, आणि मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. माणसं एकेकटी सोडत नाहीत, घोळक्यानं सोडतात. आपल्याकडंही माळ घातलेला माणूस दिंडीबरोबर चालतो तेव्हा त्याचा नेम पाळला जातो. तेव्हा घरी जाऊन एवढंच म्हणून बघा, "मी डबी ठेवली. तुम्ही सकाळची पहिली विडी तरी ठेवता काय?" आणि चावडीवरच्या त्यांच्या एखाद्या सोबत्यालाही यात घ्या.

शेवटी एक काम, जे लाजेमुळं राहून जातं. तोंड दाखवणं. काळे दात दिसतील म्हणून आपल्या बायका डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत. आरशात बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गिळताना त्रास, तोंड कमी उघडणं. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. यातलं काही असेल तर थांबू नका. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. लवकर सापडलं तर इलाज सोपा असतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. तो तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो, नातवाकडून वाचून घ्या. तलफ फारच सतावत असेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं औषधही घेता येतं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हजेरी झाली की अध्यक्षांनी एकच विचारावं, "सोडायची कुणाला आहे, आणि तिच्याबरोबर कोण आहे?" दोन्ही नावं एकाच ओळीत लिहा. सगळ्यांत वयस्क आक्कांना पहिल्यांदा विचारा. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही.