पाळकाला कोण सांभाळतो?
(हिंगोली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपले हिंगोली गाव जुने छावणीचे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. तिची एक छावणी इथे होती. 1903 मध्ये ती फौज भारतीय लष्करात विलीन झाली. आज याच गावात राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. घरापासून लांब, बराकीत राहणारी माणसे हिंगोलीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. म्हणून आजचा विषय या गावाला परका वाटू नये. रुग्णालयात, तुरुंगात, बराकीत माणसाच्या सोबतीला जाणारा जो पाद्री असतो, त्याला घडवायचे कोणी आणि पुढे सांभाळायचे कोणी?

सुरुवात लष्करापासून करतो, कारण तिथे या कामाची व्यवस्था स्पष्ट आहे. भारतीय सेनेत धर्मशिक्षक हे कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्याचे पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्षू आणि पाद्री, सगळे नायब सुभेदार म्हणून भरती होतात. पाद्री व्हायचे तर रीतसर दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत नाव हवे. कामे कोणती? अंत्यविधीला उभे राहणे, इस्पितळातल्या आजाऱ्यांना भेटणे, बऱ्या होत आलेल्यांबरोबर प्रार्थना करणे, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला भेटणे.  या धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते, आणि तिथे सगळ्या धर्मांची माणसे एकत्र शिकतात. ज्याने मौलवीशेजारी बसून धडे घेतले, तो पाद्री पुढे दुसऱ्या धर्माच्या जवानाच्या खाटेपाशी जाताना बिचकत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता चर्चकडे वळू. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. या चर्चच्या मराठी पाळकाची वाट साधारण ठरलेली आहे. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी, सेरामपूरच्या सिनेटची पदवी, मग दीक्षा, मग नेमणूक. बायबल, चर्चचा इतिहास, उपदेश करण्याची कला, सगळे तो मनापासून शिकतो. आमच्या मराठवाड्यात तो येतो तेव्हा एकटा असतो. मंडळी थोडी, विखुरलेली. गावोगावी फिरायचे, लग्ने लावायची, मयती करायच्या, कमिटीतली भांडणे मिटवायची. आणि यातून वेळ काढून जिल्हा रुग्णालयात जायचे, जिथे कुणाचा मुलगा कीटकनाशक पिऊन आलेला असतो. त्या खाटेपाशी काय बोलायचे, हे कोणत्या पुस्तकात शिकायला मिळते?

अमेरिकेत अँटन बॉयसेन नावाच्या पाद्रीला हाच प्रश्न पडला. 1920 मध्ये तो स्वतः मनोरुग्णालयात दाखल होता. पुढे तो वूस्टरच्या मनोरुग्णालयात पाद्री झाला आणि 1925 मध्ये त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे आणून शिकवायला सुरुवात केली. माणूस हाच ग्रंथ, तो वाचायला शिका, असा त्याचा आग्रह. त्यातून जी पद्धत वाढली ती साधी आहे आणि कठोरही. विद्यार्थी रुग्णाला भेटतो आणि परत येऊन सगळे संभाषण आठवून शब्दशः लिहितो. ते सोबत्यांच्या गटात, अनुभवी मार्गदर्शकापुढे वाचले जाते. आज वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे प्रशिक्षण मिळते.

यात नेमके काय घडते, ते सांगतो. समजा म्हातारी म्हणाली, "साहेब, आता जगून काय करायचं?" आणि नव्या पाळकाने लिहून आणले, "मी म्हणालो, आजी, देवावर भरवसा ठेवा." मार्गदर्शक विचारतो, हे इतक्या लवकर का म्हणालास? तिला काय सांगायचे होते, ते विचारलेस का? की ते ऐकायची तुलाच भीती वाटली? पोरगा गप्प होतो. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते म्हातारीसाठी नव्हते. स्वतःची सुटका करून घेण्यासाठी होते. हे ज्याला एकदा लख्ख दिसले, तो पुढच्या खाटेपाशी थांबतो. खाटेपाशी धर्मप्रचाराला जागा का नाही, तेही इथेच कळते. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यापुढे पाळकानेच मर्यादा पाळायची.

असे कोणापुढे तरी बसून शिकणे या मातीला नवे नाही. नामदेवांचे नरसी आणि विसोबा खेचरांचे औंढा, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. गोरोबाकाकांनी थापटी मारून नामदेवांना कच्चे मडके ठरवले, मग ते विसोबांकडे गेले, ही कथा इथल्या लेकरांनाही ठाऊक आहे. मला त्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. नामदेव तेव्हा भक्त म्हणून आधीच मान्यता पावलेले होते. तरी कोणाकडे तरी जाऊन बसावे लागले. दीक्षा झालेल्या पाळकालाही तसेच जाऊन बसावे लागेल, आणि ती जागा चर्चने निर्माण करायची आहे.

इथे आपली व्यवस्था तोकडी पडते. पाळकाने ऐकलेले दुःख जाते कुठे? विश्वासाने सांगितलेले तो मंडळीत बोलू शकत नाही. बिशपांशी बोलावे तर बदली आणि नेमणूक त्यांच्याच हाती. उरते घर. म्हणजे पाळकीणबाईंनी ते सोसायचे, ज्या आधीच मंडळीतल्या बायकांची सुखदुःखे बिनपगारी वाहतात. एका आठवड्यात दोन तरुणांना माती देऊन रविवारी वेदीपुढे उभा राहणारा माणूस आतून किती थकलेला असतो, हे मी जवळून पाहिले आहे. त्याला श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणू नये. त्याच्याबरोबर बसायला कोणी आले नाही, एवढेच खरे असते.

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. हिंगोली, परभणी, नांदेडच्या पाळकांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसावे. प्रत्येकाने एक संभाषण, नावगाव वगळून, मराठीत लिहून आणावे. कॅथलिक फादरनाही बोलवावे. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 पासून याच मुलखात काम करतो आहे. मार्गदर्शक असा हवा ज्याच्या हातात कोणाची बदली नाही. दर वर्षी एकाला वेल्लोरला पाठवावे आणि तो परतला की त्याचे शिकणे इतरांना द्यायला त्याला वेळ द्यावा, नाहीतर कमिटी त्याला लगेच बांधकामाच्या हिशोबाला बसवते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकट्याने सांभाळू नये, हे प्रत्येक पाळकाला पक्के ठाऊक हवे. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचाराचे डॉक्टर आणि टेली-मानसचा 14416 हा क्रमांक त्याच्या खिशातल्या डायरीत असावा. पाळकीणबाईंसाठी वेगळी बैठक हवी, आणि तिचा प्रवासखर्च धर्मप्रांताने द्यावा. या सभेला मंडळीतली जी माणसे आली आहेत, त्यांनी कमिटीच्या पुढच्या बैठकीत एवढा एक विषय लेखी मांडावा.