मिस्त्रीचं ऐका, मिस्त्रीला सांगा

भवानी पेठेतल्या एखाद्या मिस्त्रीनं तुमच्या नांगराला नवी सोय करून दिली, तर 'आमच्यात असलं चालत नाही' म्हणून परत करू नका.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. जन्म १८६९चा, गुर्लहोसूर गावचा. बेळगावात सायकली दुरुस्त करता करता त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. पण लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा समजूत! गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली म्हणतात. पदरी बायको-मुलं होती, तरी माणूस हटला नाही. पुढं बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळ दिला, नुसता निवडुंगाचा. तिथं १९१० साली राधाबाईंसह स्वतःचा संसार आणि कामगारांची बिऱ्हाडं नेऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९५६ साली गेले, ८७ वर्षांचे होऊन.

तेव्हा नवं अवजार आधी एका पट्टीवर चालवा. तास किती खोल जातं, बैल दमतात का, फाळ कुठं झिजतो, हे पाहा आणि मिस्त्रीला जाऊन सांगा. ज्वारी निघाली की लगेच जा. पेरणीच्या तोंडावर त्यालाही सवड नसते.