बोटीचे भाडे सगळीकडे सारखेच का?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मासिक सभेत आजवर आहारशास्त्र झाले, संतवाङ्मय झाले, गच्चीवरची बागही झाली. आजचा विषय मात्र आपल्या पर्सशी संबंध असलेला आहे. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीने चार दिवसांची सफर करायची असे आपल्यापैकी चोवीस जणींनी ठरवले, आणि चिटणीसबाई उन्हातान्हात फिरून चार एजंटांकडे चौकशी करून आल्या. चारही ठिकाणी एकाच बोटीचे, एकाच तारखेचे आणि एकाच प्रकारच्या खोलीचे भाडे तंतोतंत सारखे निघाले. एक डॉलर इकडचा तिकडे नाही! मागच्या सभेत त्यावर बराच गलका झाला. "हे सगळे आतून एक आहेत," असे पुष्कळजणींचे म्हणणे पडले. पाचव्या एका गृहस्थांनी मात्र जवळजवळ चौथाई भाडे कमी सांगितले आहे. त्यांची अट एवढीच, की पैसे सगळे आधी आणि रोख द्यायचे. सभेचा कल त्या पाचव्या गृहस्थांकडे झुकलेला मला दिसला, म्हणून मीच अध्यक्षीणबाईंकडे बोलण्याची परवानगी मागितली. बावीस वर्षे मी मुंबईत प्रवासाच्या बुकिंगच्या टेबलापाशी बसले आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

पहिली गोष्ट ही, की एजंट हा दुकानदार नव्हे. आपला वाणी तांदळाचे पोते स्वतःच्या पैशाने विकत घेतो. मग ते कोणत्या भावाने विकायचे, कोणाला चार रुपये सोडायचे, हा त्याचा प्रश्न. बोटीतली खोली एजंटाने विकत घेतलेली नसते. ती शेवटपर्यंत बोटकंपनीचीच असते, आणि तिचे भाडे कंपनीच्या संगणकात असते. चौघे एजंट चार चौकशांना उत्तर देतात ते एकाच वहीत डोकावून. पोस्टाच्या चार खिडक्यांवर तिकिटाची किंमत विचारली आणि चारही ठिकाणी एकच उत्तर आले, तर आपण काही पोस्टातल्या माणसांनी कट केला असे म्हणत नाही.

यावर हुशार बाई लगेच विचारील, की भाडे कंपनीचे असले तरी कमिशन तर एजंटाचे ना? त्यातले थोडे त्याने आपल्याला सोडावे! प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

तुम्हा सर्वांच्या घरी आयुर्विम्याचे एजंट येऊन गेले असतील. कोणत्याही एजंटाकडून घ्या, त्याच पॉलिसीचा हप्ता तोच असतो. एवढेच नव्हे, तर एजंटाने आपल्या कमिशनातून ग्राहकाला सूट देणे हे १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने मना केलेले आहे. (कोण देतो आणि कोण घेतो, याची चर्चा आपण चहाच्या वेळी करू.) बोटीच्या धंद्यात असा सरकारी कायदा नाही, पण कंपन्यांनी स्वतःच तसा नियम केला आहे. अमेरिकेत हा धंदा सर्वांत मोठा. तिथे मोठमोठे एजंट आपल्या कमिशनाचा वाटा ग्राहकाला देऊन भाडे उतरवून दाखवीत, आणि गावोगावचे लहान एजंट हात चोळीत बसत. २००४ साली रॉयल कॅरिबियन कंपनीने बंधन घातले, की कमिशनातून सूट देऊन आमचे भाडे उतरवायचे नाही. कार्निव्हलने तीच वाट धरली. पुढे एकेक करून इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. नियम मोडणाऱ्याला काय शिक्षा? त्याचे कमिशन कापायचे, नाहीतर त्याला आपल्या खोल्या विकूच द्यायच्या नाहीत.

कंपनीला याचे एवढे का वाटावे, हे समजून घेण्यासारखे आहे. विमानाचे तिकीट विकायला फारसे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून अमेरिकेतल्या विमानकंपन्यांनी १९९५ साली एजंटांच्या कमिशनला मर्यादा घातली आणि २००२ साली मूळ कमिशन बंदच करून टाकले. बोटीचे तसे नाही. बोट लागेल का, शाकाहारी जेवण मिळेल का, गुडघे दुखतात तर जिने किती, खोली इंजिनाजवळ तर नाही ना, अशा पन्नास शंका असतात. माझ्या टेबलापाशी एकेक कुटुंब दोन-दोन तास बसत असे. अशी दोन तास माहिती एकाकडून घ्यायची आणि दुसरा शंभर रुपये कमी घेतो म्हणून पैसे त्याला द्यायचे, असे सर्रास झाले, तर माहिती सांगणारा दुकान बंद करील. मग बोटीच्या खोल्या भरणार कोण? शिवाय आज एकाने भाडे उतरवले, की उद्या सगळा बाजार त्याच उतरलेल्या भाड्याला खरे भाडे समजू लागतो. हे कंपनीला परवडत नाही. यात कंपनीचा स्वार्थ आहे हे मी नाकारीत नाही. लहान एजंटाचा जीव वाचला, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडच्या छापील किमतीशी याची गल्लत करू नका. साबणाच्या वडीवर जी किंमत छापलेली असते ती कमाल किंमत. त्याहून जास्त घ्यायचे नाही, कमी घेतले तर दुकानदाराची मर्जी. बोटीचे भाडे याच्या अगदी उलट वागते. त्याच्या खाली जायचे नाही, अशी ती अट.

"मग हे आपल्या कायद्याला चालते का?" असे वकीलबाईंनी मला आत येतानाच विचारले. मालाच्या बाबतीत आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्याची नजर असते. २०२१ साली स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच, की विक्रेत्यांनी ठरलेल्यापेक्षा जास्त सवलत ग्राहकाला द्यायची नाही, असा दाब कंपनीने ठेवला होता. कंपनीने त्यावर अपील केले. पण मोटारीचा विक्रेता गाडी विकत घेऊन पुढे विकतो, आणि बोटीचा एजंट कंपनीच्या वतीने विकतो. दिसायला फरक बारीक आहे. माझ्या मते मात्र प्रश्न सारा तिथेच फिरतो.

आता कमिशन असते तरी किती ते पाहू. साधारण दहा टक्क्यांपासून सुरुवात होते. फार मोठा धंदा देणाऱ्याला पंधरा-सोळापर्यंत मिळते. परंतु ते साऱ्या रकमेवर नसते. बंदराचे कर, सरकारी आकार आणि कंपनीने मुद्दाम वेगळा काढलेला भाड्याचा एक हिस्सा यांवर एजंटाला छदाम मिळत नाही. समजा, आपण एक लाख रुपये भरले आणि त्यातले तीस हजार या सदरांत गेले. उरलेल्या सत्तर हजारांवर दहा टक्के म्हणजे सात हजार. त्यात जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि तुमचे दोन तास. म्हणजे एजंटाने आपले सारेच्या सारे कमिशन तुमच्या ओंजळीत टाकले, तरी लाखाला सात हजारच उतरतील. मग चौथाई भाडे, म्हणजे पंचवीस हजार, सोडणारे ते पाचवे गृहस्थ हे पैसे आणतात कोठून? माझ्या माहितीच्या एका निवृत्त शिक्षिकेने असाच स्वस्ताचा सौदा केला होता. कोऱ्या कागदावर पावती मिळाली. महिनाभराने तिने बोटकंपनीकडे विचारले, तर तिच्या नावाची खोलीच नव्हती. पुढे तो मनुष्य फोन घेईना. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे होते ते. पाचवे गृहस्थ तसेच आहेत असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते, की त्यांनी कंपनीचा बुकिंग क्रमांक आपल्याला द्यावा आणि तो आपण थेट कंपनीकडे पडताळून पाहावा. त्याआधी एक पैसाही देऊ नये.

काहीजणींचा असा विचार दिसला, की एजंटाला मधून काढून सरळ कंपनीकडेच बुकिंग करावे, कमिशन वाचेल. वाचेल खरे, पण कंपनीचे! कंपनी आपल्या खिडकीवरही सर्वसाधारणपणे तेच भाडे लावते. एजंटांना नाराज करून तिला खोल्या रिकाम्या ठेवायच्या नसतात.

भाडी खरी पडतात ती दोन कंपन्यांच्या चढाओढीत. एकाच कंपनीचे दहा एजंट उभे केले म्हणून ती पडत नाहीत. १९०६ साली चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि कोलंबोच्या वाटेवर ब्रिटिश कंपनीशी गाठ पडली. भाडी उतरता उतरता अशी वेळ आली, की ब्रिटिश कंपनीने फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तेव्हा घासाघीस करायची तर या बोटीचे भाडे त्या बोटीशी ताडून पाहावे, शाळांच्या सुट्ट्या सोडून तारीख धरावी.

छत्रीवरून आठवले. भाडे उतरवता येत नाही तेव्हा एजंट दुसरे काहीतरी देतात. बोटीवर खर्चायला काही डॉलर जमा करून देतात, बंदरापर्यंत गाडी देतात, नाहीतर टिपा स्वतः भरतात. टिपांची बाब विसरू नका. बऱ्याच बोटींवर दर माणशी, दर दिवसाच्या हिशेबाने त्या आपोआप बिलात चढतात, आणि आरंभीच्या भाड्यात पुष्कळदा धरलेल्या नसतात. बंदराच्या करांचेही तसेच होत असे. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून सक्तीचे सारे आकार जाहीर किमतीतच दाखवले पाहिजेत असा कायदा लागू केला, तेव्हा मोठ्या बोटकंपन्या साऱ्या अमेरिकेत कर धरून भाडे दाखवू लागल्या. आपल्याकडे मात्र विचारून घेतलेले बरे. डॉलरचा रुपया कोणत्या दराने केला, खोलीचा नंबर आता मिळणार की "देऊ ती घ्या" अशी अट आहे, रद्द केले तर कंपनी किती कापते आणि वर एजंट स्वतःचे किती कापतो, हे चौघांनाही विचारा. भाडे सारखे असूनही इथे चौघांची उत्तरे चार तऱ्हेची येतील, आणि एजंट निवडायचा तो त्यावरून. आणखी एक. शेवटची रक्कम भरण्याची मुदत पुष्कळदा दोन-तीन महिने आधीची असते. तोवर कंपनीने स्वतःच भाडे उतरवले, तर ते आपल्याला लावून घेणारा एजंट हवा. चांगला एजंट आठवड्याला एकदा तरी भाडे पाहतो.

आपल्या हातात मोठी गोष्ट आहे ती संख्या. चोवीस जणी म्हणजे बारा खोल्या. एवढ्या खोल्या एकदम धरल्या तर कंपनी तो संघ मानते. आजचे भाडे आपल्यासाठी राखले जाते, आणि अनेकदा सोळा प्रवाशांमागे एक जागा भाड्यावाचून मिळते. तिचे बंदरकर भरावे लागतात. ती जागा एकीला न देता सर्वांत वाटून घ्यावी असे मला वाटते. ही सवलत नियमात बसणारी आहे, पण मागितल्याशिवाय कोणी हातावर ठेवीत नाही.

शेवटी खोलीबद्दल. जाहिरातीतले भाडे हे एका खोलीत दोघी धरून माणशी असते. एकटी राहिली तर बहुतेक वेळा रिकाम्या जागेचे मूळ भाडेही तिलाच भरावे लागते. आपल्या यादीत नऊजणी एकट्या येणाऱ्या आहेत, आणि त्यांपैकी काहीजणी केवळ या भीतीने नाव काढून घेण्याच्या विचारात आहेत असे कानावर आले. तसे करू नका. जोड्या लागल्या की सगळ्यांचे भाडे सारखे पडते. यादी चिटणीसबाईंकडे आहे. आपले नाव लिहून त्यापुढे, जिचे घोरणे चार रात्री सहन होईल अशा मैत्रिणीचे नाव येत्या शनिवारपर्यंत लिहावे. माझ्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे.