भाग १९ : आमच्या वावरात कापूसच का?

आज मागे पंख्याचा आवाज येईल. मी घाटंजीला घरी आलोय, जून आहे, पंखा बंद केला तर हा भाग पूर्ण होणार नाही.

दर जूनमध्ये बाबांचा आणि माझा एकच वाद असतो. मी म्हणतो, यंदा कापूस कमी करा, तूर वाढवा. एक्सेल उघडून बियाणं, फवारणी, वेचाई सगळं मांडून दाखवतो. बाबा म्हणतात, "तुह्या लॅपटॉपात तूर लय चांगली पिकते." (हसू)

या वेळी मी वाद सोडला आणि शोधायला बसलो, की आमच्या भागात कापूसच का? सोयाबीन, ज्वारी सगळं होतं, पण मन कापसात. शोधत शोधत मी पोचलो थेट अमेरिकेतल्या गुलामांच्या बाजारात. म्हणून आजचा विषय तो.

थोडं मागे जाऊ. साडेतीनशेच्या वर वर्षांत आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपार पाठवली गेली. त्यातली अंदाजे अठरा लाख वाटेतच मेली. जिथून माणसं गेली तिथे काय झालं, हे आपण कमी बोलतो. किनाऱ्यावर बंदुका यायच्या, त्या घेऊन शेजारच्या मुलखावर धाड टाकायची, माणसं पकडून विकायची, त्या पैशांत परत बंदुका. ज्या राज्याने यात पडायला नकार दिला, तेच पुढे पकडलं जाण्याची भीती. आणि या सौद्यात माणसाच्या बदल्यात जो माल दिला जायचा, त्यात भारतात विणलेलं सुती कापडही असायचं. हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे गुलामी नव्हती असंही नाही. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री व्हायची.

आता कापसाकडे. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं. म्हणजे आपला जिनिंगचा रेचाच समजा, हाताने फिरवायचा. (आपल्याकडे लाकडी चरखी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पण ते असो.) यंत्र आलं की माणसाचे कष्ट कमी होतात, असं आम्हाला इंजिनीअरिंगला शिकवतात. इथे उलटं झालं. सरकी झटपट निघायला लागली, तर लागवड वाढली, आणि वेचायला हात तर लागणारच. १७९० मध्ये तिथे सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. मग देशातल्या देशात बाजार भरला. व्हर्जिनियाकडून मिसिसिपी, लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली, कितीतरी वेळा आई एकीकडे आणि पोरगं दुसरीकडे विकून.

तिथल्या वेचणीचे जुने फोटो पाहिले तेव्हा मला आजी आठवली. तशीच वाकलेली पाठ. तिची कमरेला लुगड्याची ओटी, त्यांच्या खांद्याला लांब झोळी. पण आजी संध्याकाळी घरी यायची. एखाद्या मालकाचं पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वावरात जायची नाही. आणि तिची पोरं तिची होती. म्हणून "आपणही गुलामच" असं कुणी सहज म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच यायचा. गिरण्या बंद, कामगार उपाशी. मग नजर वळली आपल्याकडे. वऱ्हाड १८५३ पासूनच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. मुंबईत कापसाचे भाव असे चढले की शेअरच्या सट्ट्यात सगळं शहर बुडालं. वऱ्हाडात कापूस वाढत गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. आपली शकुंतला खूप नंतरची, पण तीही कापसासाठीच.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामी गेली, भाव कोसळले. तिकडे सुटलेल्या माणसांना स्वातंत्र्य मिळालं, जमीन नाही. मालकाचीच जमीन बटईने करायची, आणि गावातला दुकानदार उधार द्यायचा तो एकाच अटीवर: कापूस लाव. इकडे वऱ्हाडात सावकार शेतकऱ्याला पैसे द्यायचा, तोही उभ्या कापसावर. ज्वारी घरी खाता येते, सावकाराला तिचं काय? १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं मेली तेव्हा शेतात कापूस वाढलेला होता आणि पेवं रिकामी होती.

इथे मी थांबलो, कारण माझ्या एक्सेलला बाबांनी कालच उत्तर दिलं होतं: "कृषी केंद्रवाला उधारी कापसावर देते, तुह्या तुरीवर नाही."

एक गोष्ट राहिली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. आज हातात फोन असून मला हे सगळं अठ्ठाविसाव्या वर्षी कळतंय.

रात्री हे बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग त्या लोकाईनं कापूस सोडला काय?"

मी म्हटलं, पुढच्या पिढ्यांतले लाखो लोक वावरंच सोडून शिकागो, डेट्रॉइटकडे निघून गेले.

"तुह्यासारखे," बाबा म्हणाले.

दुपारी बियाणं आणायला जायचंय. कापसाची सहा पाकिटं, तुरीची एक बॅग.