लोणी, यंत्र आणि गावची शाळा



पैसे मोजले की यंत्र कोठेही मिळते. मग एका मुलखात ते रुजते आणि दुसऱ्यात रेंगाळते, हे कसे? यासाठी जरा लांब, डेन्मार्क देशात जाऊ या.

१८७० नंतर अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि भाव कोसळले. डेन्मार्कचा शेतकरी दुभत्याकडे वळला. पण घरोघर घुसळलेले लोणी एका घरचे चांगले, तर दुसऱ्याचे खवट. इंग्लंडच्या बाजारात त्याला कोण विचारणार? १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी दुधातून साय सतत वेगळी करणारे यंत्र काढले. चार गाईंच्या धन्याला ते परवडणारे नव्हते. तेव्हा १८८२ साली जटलंडातल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी मिळून सहकारी दुग्धालय काढले. ज्याचे जेवढे दूध तेवढा त्याचा पैसा. साय काढलेले दूध परत घरी, डुकरांसाठी. पुढे अशा दुग्धालयांत मत माणशी एक, मग गोठ्यात गाई कितीही असोत, अशी रीत पडली. दहा वर्षांच्या आत अशी शेकडो दुग्धालये उभी राहिली.

हे एवढ्या झपाट्याने कसे झाले? तेथे १८१४ पासून शिक्षण सक्तीचे होते. शिवाय ग्रुंटविग यांच्या विचारातून १८४४ पासून लोकविद्यालये निघाली होती. हिवाळ्यात तरुण शेतकरी आणि उन्हाळ्यात तरुणी तेथे राहून शिकत. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. (आपल्याकडे अशा शाळेत कोण नाव घालील, असे मनात येतेच!) तेथे इतिहास ऐकायचा, गाणी म्हणायची, चारचौघांत बोलायला शिकायचे. दुधाचा धंदा काही तेथे मुख्य नव्हता. पण दुग्धालयाच्या सभेत उभे राहून हिशेब विचारणारा माणूस अशा ठिकाणी तयार होत होता.

नुसत्या अक्षरओळखीने मात्र भागत नाही. आयर्लंडातही शाळा होत्या, गाई होत्या, इंग्लंड तर डेन्मार्कपेक्षा जवळ. तरी तेथे होरेस प्लंकेट यांनी सहकारी दुग्धालयांचे काम १८८९ साली सुरू केले, आणि ते सावकाशच वाढले. जमीनदार आणि कुळे यांचे तंटे तेथे ताजे होते. शेजाऱ्याच्या दुधात आपले दूध मिसळायचे, तर आधी त्याच्यावर भरवसा हवा.

आज आपल्याकडे दूध घातल्यावर पावती मिळते. तिच्यावर फॅटचा आकडा असतो, एसएनएफचा असतो, दर असतो. गुरुजी, उद्या वर्गात एक पावती घेऊन जा, आणि सातवीतल्या मुलामुलींना विचारा : या आकड्यांवरून घरी किती पैसे यायला हवेत?