पाळणाघराची नोंद कोणत्या वहीत?



पाळणाघर काढावयाचे असेल तर सरकारदरबारी काय करावे लागते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे श्रमजीवी स्त्री आणि तिचे मूल यांच्याकडे राज्यसंस्था कोणत्या दृष्टीने पाहते, हे उघड होते. महाराष्ट्रातील एखाद्या बाईने आपल्या दोन खोल्यांत दहाबारा मुले सांभाळावयास घेतली आणि मदतीस दोघी ठेवल्या, तर दुकाने व आस्थापना यांसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यान्वये तिला नोंदणी करावी लागत नाही. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेने केवळ सूचना द्यावयाची असते. लघुउद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी हवी असल्यास ती विनामूल्य, स्वतःच्याच घोषणेवर मिळते. मुलांना अन्न शिजवून द्यावयाचे असेल तर अन्नसुरक्षेच्या कायद्याखालील नोंदणी करावी लागते. एवढे झाले की दारावर पाटी लावावयास हरकत नाही.

या कागदांत मालकाचे नाव, पत्ता, धंद्याचे स्वरूप आणि नोकरांची संख्या विचारली जाते. मुले किती, एका बाईच्या वाट्याला तान्ही मुले किती, जिन्याला कठडा आहे काय, पिण्याचे पाणी कोठून येते, यांपैकी काहीही विचारले जात नाही. किराण्याचे दुकान आणि पाळणाघर कायद्याच्या लेखी एकाच रकान्यात बसतात! बालकांची काळजी घेणाऱ्या संस्थांना २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे हे खरे. पण तो कायदा निराधार व संकटग्रस्त बालकांचा विचार करतो. आई कामावर गेली म्हणून आठ तास शेजारच्या गल्लीत राहणारे मूल त्यात मोडत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण बाहेर आले, तेव्हा साऱ्या राज्यात संताप उसळला, आणि तो योग्यच होता. मात्र त्यानंतरची चर्चा मुख्यतः कॅमेऱ्यांभोवती फिरली. तान्ह्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईला शिक्षण कोण देते, ती किती तास राबते, तिच्या हाती महिन्याकाठी काय पडते, हे प्रश्न मध्यमवर्गीय संतापाच्या कक्षेत फारसे आले नाहीत.

वास्तविक या देशात पाळणाघराचा कायदा नवा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली गेली. हेतू चांगला होता, पण मोजणी फक्त बायकांची होती. पाळणाघराचा खर्च टाळू पाहणाऱ्या मालकाला सरळ मार्ग होता : बायकांचा पट तीसपुढे जाऊ द्यावयाचा नाही. मूल केवळ आईचे, ही समजूत अशी कायद्याच्याच आकड्यात बसली होती. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचारी, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, ही कसोटी लावली आणि ती चूक सुधारली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच कसोटी आहे. पण भाजीवाली, मोलकरीण, घरी बसून विड्या वळणारी यांचा मालक कोण, आणि त्याच्याकडे पन्नास माणसे कोठून यावयाची? पाळणाघरांविषयी केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीही मालकाने चालवावयाच्या पाळणाघरांसाठी.

असंघटितांच्या मुलांसाठी मार्ग शोधला तो चळवळीतल्या माणसांनी. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजूर बायकांची मुले धुळीत, विटांच्या ढिगाशेजारी पडलेली पाहिली आणि तेथेच पाळणाघर सुरू केले. काम हलले की पाळणाघरही हलावयाचे. बांधकाम मजुरांचा कायदा १९९६ मध्ये आला आणि त्यात पाळणाघराचे कलम घातले गेले. मधे सत्तावीस वर्षे गेली. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची आणि मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसविणारी. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तेथून शिधा मिळतो. त्याला दिवसभर मांडीवर घेणारे कोणी मिळत नाही. ते काम बहुतेक घरांत थोरल्या मुलीवर पडते आणि तिची शाळा सुटते.

तेव्हा पाळणाघरांच्या नोंदणीचा कायदा व्हावा, ही मागणी रास्त आहे. परंतु तो कसा व्हावा, याबाबत सावध राहिले पाहिजे. इतके चौरस फूट, इतके कॅमेरे, इतकी अनामत अशा अटींचा कायदा झाला तर भांडवलवाल्या साखळी-पाळणाघरांचे फावेल, आणि चाळीतली ती बाई, जिच्यावर मोलकरणींची मुले विसंबून आहेत, एका रात्रीत बेकायदा ठरेल. नोंदणी प्रभागातच आणि विनाशुल्क व्हावी. तपासणीस येणारी बाई बालसंगोपन शिकलेली असावी. आणि ज्या दोन खोल्या अपुऱ्या ठरतील त्यांना टाळे ठोकण्याआधी महापालिकेने समाजमंदिरातील वा बंद पडलेल्या शाळेतील खोली नाममात्र भाड्याने द्यावी.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जणी एकत्र आल्या तर त्यांना संस्था नोंदविण्यासाठी अर्ज करता येतो. आधी नाव राखून घ्यावयाचे, मग बँकेत भागभांडवल भरावयाचे, मग उपविधींसह निबंधकाकडे जावयाचे. हेलपाटे होतील. नमुन्याचे उपविधी पुढे केले जातील आणि त्यांवर नुसत्या सह्या मागितल्या जातील. तेथे सह्या करण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह धरावा : एका बाईकडे तान्ही मुले किती, याची कमाल मर्यादा, आणि सांभाळणाऱ्या बाईचे वेतन किमान वेतनाखाली जाणार नाही, ही हमी. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर त्यांना सांभाळणाऱ्या मजूर बाईला खड्डा खणणारीइतकीच मजुरी ठरविली होती. तो आधार निबंधकापुढे ठेवता येईल. आणि निबंधकाकडे अर्ज जाईल त्याच दिवशी त्याची प्रत जोडून खोलीच्या मागणीचा अर्ज प्रभाग कार्यालयात द्यावा, त्यावर दहाही जणींच्या सह्या असाव्यात, आणि पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.